सरकारजमा पोर

विमल, तुज्या त्या इंग्रजी बुकातला शब्द परत एकदा वाच बघू. वेफ. हां, तोच. मास्तरांनी अर्थ सांगितला म्हनतेस, आईबापानं टाकलेलं, कुनी वाली नसलेलं पोर. आनि तुला वाटलं, आजीला सांगावं, आजी तोंडात बोट घालंल. अगं, तुजा मास्तर जल्माला यायच्या आदी तो शब्द माज्यावर लागलेला हाय. सरकारी कागदावर, निळ्या शाईत. बस आता, वही घे नि लिही. मी बोलते तसंच लिही, मदीच शानपना करून माजी भाषा सुदरू नको.

तो शब्द आमच्या वाडीत आनला सहदेव पट्टेवाल्यानं. म्हनून त्याचंच सांगते.

आमची वाडी चौकापासून अर्ध्या कोसावर. भाताची शेतं, पावसाळा सरला की त्याच शेतांत वाल. सगळी कुनबी घरं, आनि सगळ्या घरांत सहदेव एकटाच असा की ज्याला चिखलात पाय घालायचा कंटाळा. नांगर धरला की त्याचं पोट दुखायचं, लावनीला वाकला की कंबर. मग कुनाच्या तरी हातापाया पडून खालापूरच्या कचेरीत चिकटला. खांद्यावरनं तिरपा लाल पट्टा, पट्ट्यावर पितळेचा बिल्ला. बिल्ला रोज चिंचेनं घासायचा. मानूस कसा व्हता म्हनशील तर उंच, मान लांब, आनि चालायचा असा की बिल्ला पुडं नि तो मागं.

काम काय, तर रावसायबाच्या दाराशी बसायचं, कागद इकडचा तिकडं न्यायचा, नि घंटी वाजली की "जी" म्हनायचं. एवढंच. पन वाडीत येऊन ऐट अशी की जसा काय आख्ख्या खालापूर महालाचा कारभार हाच चालवतो. कचेरीत कानावर पडंल तो इंग्रजी शब्द उचलायचा नि महिनाभर आमच्या डोस्क्यावर आपटायचा. एकदा 'रिजेक्ट' शिकून आला. बायकोनं भाकर वाडली, "रिजेक्ट." सासरा भेटाया आला, "रिजेक्ट." शेवटी बायकोनं ताट उचललं नि म्हैशीपुडं नेऊन ठेवलं. म्हैशीनं काय रिजेक्ट केलं नाय. तवापासून तो शब्द बंद.

आनि नाव! सहदेव हे नाव त्यानं पट्ट्याबरोबर घातलेलं. खरं नाव केरू. त्याच्या आईची, बायजाची, आदीची तीन पोरं गेली व्हती. म्हनून हा झाला तवा त्याला उकिरड्यावर टाकला, दुसरीनं उचलला, बायजानं मूठभर कोंडा देऊन परत घेतला. केरात घावला म्हनून केरू.

तुला ठावं नाय का हे? आता दवाखाने झाले, कोन करतंय. तवा काय व्हतं, ज्या बाईची पोरं राहात नसत तिनं नवं पोर सुपात घालायचं नि उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. ठेवलं की पाठ फिरवायची, वळून बघायचं नाय, घरात जाऊन दार लोटायचं. मग शेजारनीनं केर काडायच्या मिशानं तितं यायचं नि म्हनायचं, "अगंबाई, हे कुनाचं?" आनि आपनच सांगायचं, "कुनाचंच नाय." पोर उचलायचं, आईच्या दारात जायचं, नि आईनं मूठभर कोंडा देऊन इकत घ्यायचं. म्हनजे आदीची पोरं ज्यानं नेली त्याला वाटावं, हे हिचं नाय, हे असंच कोंड्याच्या भावात घेतलंय, ह्याला नेऊन काय मिळायचं? आनि पुडं आईनं ते पोर आपलं म्हनायचं नाय. बापानं नाय, सुइनीनं नाय, ज्याला ज्याला ठावं त्यानं कुनीच नाय, उचलनाऱ्याला तेवडी मोकळीक. पोर आईला वयनी नायतर मामी म्हनंल. आता तू हस, पन ज्या बाईनं तीन पोरं मातीत ठेवलीत तिच्यापुडं हसून दाखव.

माजी आई जयवंता. तिची तीन गेली. मोठ्या दुकाळानंतर पाच वरसांनी मी झाले. नाळ बायजानं कापली. सहदेवाची आईच आमच्या वाडीची सुइन व्हती.

आता त्या शब्दाकडं ये. दुकाळात देशावरनं घाट उतरून मानसं आली, ती चौकात मोठ्या रस्त्याच्या कडेला पडून राहायची. कुनी एक ल्हान पोर धरमशाळेत टाकून पुडं गेलं. कचेरीतल्या एका पट्टेवाल्यानं ते उचलून दौऱ्यावरच्या सायबाच्या तंबूत नेलं. सायबानं कागदावर लिवलं, वेफ. पोर धाडलं पाद्र्यांच्या आश्रमात, आनि पट्टेवाल्याला दिलं सर्टिफिकीट. सायबाच्या हातची चिठ्ठी, की हा मानूस दयाळू हाय. त्या चिठ्ठीवर तो पट्टेवाल्यांचा नाईक झाला.

सहदेवाच्या पोटात आग पडली गं. पाच वरसं ती आग विझली नाय. नाईक म्हातारा झाला व्हता, जागा मोकळी व्हनार व्हती, आनि ह्याच्याकडं चिठ्ठी नाय. हेडकारकुनाच्या मागं लागला, सायेब, तो शब्द मला समजवा. हेडकारकून बिचारा वाचनारा मानूस, त्याला कुनीतरी इचारलं ह्याचाच आनंद. त्यानं सगळं मुळापासनं सांगितलं. म्हने सायबाच्या मुलखात लई जुन्या काळी हा शब्द पोरांचा नव्हताच. चुकलेलं जनावर, पळताना चोरानं टाकलेलं गठुडं, दर्यानं काठावर आनून टाकलेली चीज, जिचा मालक कोन ते ठावं नाय, ती वेफ. ती मग तितल्या राजाची नायतर गावच्या धन्याची व्हायची, सरकारजमा. मालक मुदतीत आला, ओळख पटवली, तर परत. नाय आला तर गेली. आनि त्याच्याबी आदी, म्हने, उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या बोलीत वाऱ्यावर सुटं फडफडनाऱ्या चिजेला असंच कायतरी म्हनायचे, त्यातनं हा निघाला असावा. जनावरांवरनं, गठुड्यांवरनं मग तो शब्द येऊन बसला पोरांवर.

तुज्या मास्तरांनी एवडं सांगितलं का? नाय ना? मला हे सहदेवानं सांगितलंय. मी तीन वरसांची असताना, आमच्याच अंगनात, आमचंच ताक पिऊन. मला तवा काय कळतंय, पन आईनं शब्द न शब्द ध्यानात ठेवला. आपल्या पोरीला कुनाच्या गठुड्याचं नाव दिलंय ते तिला कळायला नको?

तर बाराव्या दिशी सुवेर फिटलं. सकाळ झाली, ऊन यायचं व्हतं. आईनं मला सुपात घातलं, अंगावर जुन्या लुगड्याचा तुकडा, नि उकिरड्यावर ठेवलं. पाठ फिरवली. चाळीस पावलं. तिनं मोजली व्हती गं, म्हातारपनीबी सांगायची, चाळीस. पेंढ्याच्या उडवीआड शेजारची जनी केरसुनी घेऊन उभी. दार लागल्याचा आवाज आला की तिनं निघायचं. पन पावसानं दार फुगलेलं. आई ढकलतेय, दार लागत नाय. जनी तिकडं कान लावून उभी. आनि मदल्या वाटेनं कोन आला? बिल्ला पुडं, मानूस मागं.

त्याला कळलं नसंल असं म्हनू नको. सुपातलं पोर, उकिरडा, उडवीआड केरसुनी. आंधळ्यालाबी कळंल. तो सोता त्याच उकिरड्यावरचा! पन त्याला पोर दिसलंच नाय, त्याला दिसली चिठ्ठी. वाकला नि सूप उचललं.

जनी धावत आली. "अरं ठेव ठेव! मी उचलनार हाय ती!"

"तुजी हाय?"

"नाय."

"मग कुनाची?"

आता जनीनं काय सांगावं? जे सांगायचं ते ठरलेलं. बोलली, "कुनाचीच नाय. मला घावायची हाय."

"कुनाचीच नाय," सहदेव मोठ्यानं बोलला, आजूबाजूच्या घरांना आयकू जाईल असं. "आयकलंत ना सगळ्यांनी? बेवारशी. वेफ. ही सरकारजमा."

"मेल्या, वेफ असंल तुजा बाप! तुला उचलला तवा काय झालता तू?"

"सरकारी कामात आडवी येऊ नको जने, पंचनामा करीन."

पंचनामा म्हनजे काय ते त्यालाबी धड ठावं नव्हतं. पन बिल्ला घातलेला मानूस पंचनामा म्हनला की गाव दोन पावलं मागं सरतं. माजा बाप, मालोजी, काठी घेऊन बाहीर आला. सहदेवानं त्यालाच इचारलं, "काय मालोजीदादा, तुजी हाय का पोर? सांग, देतो." आनि हसला. त्याला ठावं व्हतं बाप 'माजी' म्हननार नाय. विमल, मानसाला अडानी म्हनून मी कवा नावं ठेवली नाय, मी सोता अडानी. पन दुसऱ्याच्या भ्यावाची जागा ठावं असून तितंच बोट घालनारा, त्याला काय म्हनायचं? शिव्या नको लिहू, वही तुज्या शाळेची हाय.

तो निघाला खालापूरला, अडीच कोस. मी सुपात वरडतेय. आई मागनं निघाली, बारा दिसांची बाळंतीन, जनी तिला धरून. वाडीच्या भाईर वड्यापाशी आईनं त्याला गाठलं. पदराच्या टोकाला कोंडा बांदलेला व्हताच. तिनं गाठ सोडली, मूठ भरली, हात पुडं केला.

"सहदेवभाऊ, तू उचललीस ना? तर मग तूच घावलास म्हनायचा. हा घे कोंडा, दे मला इकत."

बघ कशी हुशार बाई. रीत मोडली नाय, पोर आपलं म्हनली नाय. उचलनारा बदलला एवडंच. त्यानं मूठभर कोंडा घेतला असता तर तितंच सगळं मिटलं असतं. त्याचं काय जात व्हतं?

त्यानं तिच्या हाताला झटका दिला. कोंडा वाटंवर सांडला. "सरकारी चीज इकायला काडत नसतात," असं बोलला नि वडा उतरून गेला.

कचेरीत महालकरी रावसायेब शहरातनं नवाच आलेला, दम्याचा मानूस, गळ्याला मफलर. त्याला इकडचं कायबी ठावं नाय. टेबलावर सूप ठेवलं. मी भुकेनं अशी वरडतेय की शेजारच्या खोलीतले कारकून दारात येऊन उभे.

"कोणाचं मूल?" रावसायेब.

"बेवारशी, सायेब. उकिरड्यावर घावलं. वेफ." सहदेवाची छाती बघायची व्हतीस, म्हनायची जनी. पट्टा तुटतो की काय.

रावसायबानं आईकडं बघितलं. तिची चोळी दुधानं भिजलेली, अंगावर पदर लपेटून उभी. "बाई, तुझं का?"

आई बोलली, "नाय."

एकच शब्द. जनी मला सांगायची, तुज्या आईनं तो शब्द असा काडला की जसा दाडंतला दात.

जनी पुडं झाली. "माजी हाय सायेब."

"तू जन्म दिलास?"

"नाय. मला घावनार व्हती. पन हा मदीच घावला."

कारकून फिदीफिदी हसले. रावसायबाला खोकला आला. "हे काय चाललंय? एक म्हणते माझं नाही, दुसरी म्हणते सापडणार होतं. अरे, ह्या गावात मुलं आधी सांगून सापडतात काय? सहदेव, तू तिथलाच ना? काय प्रकार आहे?"

आता बघ. रावसायबाच्या कानाशी लागून त्यानं चार शब्द सांगितले असते, की सायेब, आमच्यात अशी रीत हाय. उचलनाऱ्याला बोलायची बंदी नव्हती, बंदी आईबापाला नि बाकीच्यांना. सगळ्या कचेरीत तो एकटा सांगू शकत व्हता.

"अडानी बाया सायेब," तो बोलला. "ध्यान देऊ नका."

झालं. निळी शाई आली, कागद आला, माज्यावर शब्द चिकटला. पन पुडं रावसायेब अडला. पोराला पाजायचं कुनी? वरच्या कचेरीचा हुकूम येईस्तवर हिला ठेवायची कुटं? कारकुनांनी गायीचं दूध आनलं, मी थुंकून टाकलं. रावसायेब शेवटी वैतागून आईला बोलला, "बाई, तुझं मूल गेलेलं दिसतंय, दूध आहे अंगावर. सरकारतर्फे हिला सांभाळशील? हुकूम येईपर्यंत?"

आई बोलली, "सांभाळीन."

घे! सरकारनं माज्या आईला माजी दाई नेमली. कागदावर. लिवता येत नसलं की बाया निशानी बांगडीची करायच्या तवा, तशी तिनं वाटुळी बांगडी काडली, मला उचललं नि तितंच पायरीवर बसून पाजलं. आनि अट काय, तर दर महिन्याला कचेरीच्या मानसानं जाऊन पोर जितं हाय का बघून यायचं. कचेरीचा मानूस कोन? ज्यानं शोधली तोच. रावसायबानं पाठ थोपटली, "तुझ्याच गावची आहे, तूच बघ."

चिठ्ठी? मिळाली की. "पट्टेवाल्याने कर्तव्य केले." एवडीच. दयाळू बियाळू कायबी नाय. नाईक दुसराच झाला, त्याला चिठ्ठीबी नव्हती, त्याचा मामा हेडकारकुनाच्या शेजारी राहायचा.

मग पाच वरसं हा गडी दर महिन्याला आमच्या अंगनात. आई मला त्याच्यापुडं उभी करायची. "जिती हाय?" तो इचारायचा. मी समोर उभी! "हाय," आई सांगायची. मग तो माजे दात मोजायचा, जसा काय बाजारातला बैल, नि ताकाची वाट बघत बसायचा. जनी मुद्दाम कुंपनाशी येऊन इचारायची, "काय रं पट्टेवाल्या, शिंगं फुटली का तुज्या वेफला?" वाडीत माजं नावच पडलं सरकारी. ए सरकारी, पानी आन. ए सरकारी, कोंबड्या हाकल. मला ते नाव लई भारी वाटायचं. आईला मी वयनी म्हनायची.

आनि आई मला सगळ्यांदेखत जवळ घ्यायची नाय. भाकर दुरूनच सरकवायची. न्हाऊ घालायची ती कुडाआड. मी पडले, रडले, तर जनी उचलायची. मला वाटायचं, असंच असतं. मी सरकारची, ही माजी वयनी. तिला काय वाटत व्हतं ते मला माजी पोरं झाल्यावर कळलं.

मला पाच सरून सहावं लागलं, वालाच्या शेंगा भरल्या व्हत्या, तवाची गोष्ट. आई शेतात शेंगा तोडत व्हती, मी टोपलीपाशी. बांधावर बैलगाडी येऊन थांबली. सहदेव उतरला. हातात कागद.

"हुकूम आला," तो बोलला. "वरनं. पाच वरसांवरची बेवारशी पोरं आश्रमात धाडायची. घाटावर. चल, पोरीला धू-पूस, दोन कपडे दे. आजच न्यायची हाय."

आई उभी राहिली. वटीतल्या शेंगा खाली पडल्या.

"घाटावर? परत कवा?"

"परत कशाला? सरकार शिकवील, पाद्री करतील तिचं लगीन. तुला काय, तुजी थोडीच हाय?"

पाच वरसांत आमच्या घरचं किती ताक गेलं व्हतं त्याच्या पोटात. त्याला लाज नाय, ती वेगळी गोष्ट. पन त्याला वाटत व्हतं आईचं तोंड बांदलेलं हाय, कायमचं. एका दिसाच्या भ्यावावर त्यानं पाच वरसं काडली, अजून पुडं काडनार व्हता.

आईनं हात लुगड्याला पुसले. म्हनली, "मी येते कचेरीत. पोरीला गाडीत बसवू नको. ती माज्याबरोबर चालंल." मग घरी न जाता सरळ बायजाच्या दारात गेली. म्हातारी अंगनात गोदडी शिवत बसलेली. आई तिला एवडंच बोलली, "बायजाकाकी, मी आज बोलनार हाय."

म्हातारीनं सुई टोचून ठेवली. "बोलनार? नक्की?"

"नक्की."

"मग मी येते," बायजा बोलली, नि पोराच्या गाडीत सोता चडून बसली. सहदेव "आये, तू कशाला" करत राहिला. तिनं त्याच्याकडं बघितलंबी नाय.

अडीच कोस मी चालले. आईनं माजा हात धरला नव्हता, पन मी मागं राहिले की थांबायची. तिचं तोंड पांडरं पडलेलं. तिला दोन्हीकडनं मरन. गप बसली तर मी घाटावर. बोलली तर आदीच्या तिघांसारखी मी. मला काय, मला गाडीचे बैल बघायची मजा.

कचेरीत आता दुसरा रावसायेब. दाडीवाला, चश्मेवाला. कागद वाचला, मला बघितलं. "हीच का ती?"

"हीच सायेब, वेफ," सहदेव.

आई पुडं गेली. टेबलाला हात लावून उभी राहिली. बोलली, "माजी हाय."

रावसायबानं मान वर केली. "कागदावर तर लिहिलंय, कोणी वारस नाही. तूच तेव्हा नाही म्हणालीस."

"म्हनले. पोरं राहात नव्हती माजी, म्हनून उकिरड्यावर ठेवली व्हती. माजी म्हनले असते तर ही बी गेली असती. आता ही जाते ती जातेच, म्हनून सांगते. माज्या पोटची हाय. माजी हाय. माजी."

तीनदा बोलली. पाच वरसांचं साठलेलं.

रावसायेब सहदेवाकडं वळला. "तू त्याच वाडीतला. ही हिची मुलगी आहे, हे तुला माहीत होतं?"

सहदेव बिल्ल्याकडं बघत राहिला. हो म्हनावं तर पाच वरसांची चिठ्ठी खोटी, नाय म्हनावं तर वाडीतलं एकूनएक मानूस साक्षीला यायचं. शेवटी बोलला, "मला ठावं नाय सायेब."

मागनं बायजाचा आवाज आला. "केऱ्या!"

सगळे कारकून वळले. त्या नावानं त्याला वीस वरसांत कुनी हाक मारली नव्हती.

"केऱ्या, हिची नाळ मी कापली. त्याच दिशी घरी येऊन तुला सांगितलं, जयवंताला पोरगी झाली, बाराव्याला उकिरड्यावर ठेवनार हाय, तू त्या वाटेनं जाऊ नको. सांगितलं की नाय?" मग रावसायबाकडं वळली. "सायेब, आजवर मी बोलले नाय, कारन आई बोलली नव्हती. आई बोलल्याशिवाय सुइनीनं बोलायचं नसतं. आता ती बोलली. लिवा तुमी. पोर हिची. आनि हा माजा, त्यालाबी मी उकिरड्यावर टाकला व्हता, नि मूठभर कोंडा देऊन परत घेतला." पोराकडं बोट केलं नि बोलली, "कोंडा लई गेला."

ह्या टायमाला कारकून हसले ते सहदेवाला.

रावसायेबबी मिशीत हसला. लेखनी उचलली नि तो शब्द खोडला. त्याच्या शेजारी लिवलं, "मालक मिळाला." मोठ्यानं वाचूनबी दाखवला. मालक! आयकलंस? माजी आई माजी मालक, जशी मी कोंडवाड्यातली वासरी. सरकारची अक्कल तेवडीच. पन आईला शब्दाचं काय, तिला कागद पाहिजे व्हता. तिनं परत बांगडी काडली. पहिली बांगडी सांभाळायला घेतल्याची, दुसरी आपली म्हनून नेल्याची. कागद असंल अजून कुटं तरी, उंदरांनी ठेवला असंल तर.

सहदेवाचं पुडं काय झालं म्हनून इचारू नको. कायबी झालं नाय. असल्या मानसांचं कवा काय व्हत नसतं. पट्टा तसाच ऱ्हायला, बिल्ला तसाच घासला, पिनशनीतबी उघड्या अंगावर पट्टा घालून बसायचा, तसाच मेला. मेल्यावर कचेरीनं मानूस धाडून पट्टा परत नेला, तवा खांद्यावरची एक तिरपी पट्टी तेवडी गोरी निघाली.

आमी कचेरीतनं निघालो तवा ऊन कललं व्हतं. बायजा म्हनली मी बाजारात भाचीकडं जाते, नि गेली. गाडी रिकामी. मला न्यायला आनलेली गाडी, तीच आता आमच्या मागनं चाललेली. सहदेव हाकतोय.

"जयवंतावयनी," तो मागनं बोलला, आवाज असा लोन्यासारखा, "बसा की गाडीत. पोर दमलीय."

आई वळली नाय. पन थांबली. खाली बसली, मला म्हनली, "ये." मला कळंना काय करायचं. ती मला अशी कवा बोलावत नव्हती, ते बी भर रस्त्यात, मानसं येताजाताना. मी उभीच. मग तिनंच मला वडून कंबरेवर घेतलं. पाच वरसांची घोडी मी, पाय खाली लोंबतायत.

"वयनी, मी चालते की," मी बोलले.

"गप," ती बोलली. "आई म्हन."

माजी जीभ वळंना. लाज वाटली. मी तिच्या खांद्यावर तोंड लपवलं. तिला धाप लागली व्हती, तरी खाली ठेवंना. मागं गाडीची चाकं वाजत व्हती, नि तो मदीमदी, "बसा की, बसा की," करत व्हता. वडा आला. आईनं लुगडं वर खोचलं नि मला घेऊन पान्यात शिरली. पल्याड चडलो तवा मी तिच्या कानात म्हनून बघितलं.